बदलत राहणाऱ्या वाद्याचे एकत्व: जुन्या पेडल स्टील गिटारच्या अस्सलपणाचा प्रश्न

विक्रीला आलेल्या एखाद्या जुन्या वाद्याला अस्सल म्हणायचे की नाही, हा प्रश्न वरवर केवळ बाजाराचा दिसतो, परंतु तो उकलू लागले की त्याच्या तळाशी दोन अतिशय जुने तात्त्विक प्रश्न आढळतात. एक प्रश्न वस्तूच्या एकत्वाचा आहे: जिचे भाग काळाच्या ओघात झिजले, तुटले, बदलले आणि नव्याने बसवले गेले ती वस्तू तीच राहते काय, आणि राहत असेल तर कशाच्या आधारावर? दुसरा प्रश्न ज्ञानाचा आहे: जो भूतकाळ आता कोणालाच पाहता येणार नाही, त्याविषयी समोरच्या लाकडावरून आणि धातूवरून काय जाणता येते, आणि ते किती खात्रीने? भारतीय दर्शनांनी या दोन्ही प्रश्नांवर शतकानुशतके वाद घातला असून त्या वादातून घडलेल्या संकल्पना येथे प्रत्यक्ष उपयोगाला येतात. अमेरिकेत घडलेले पेडल स्टील गिटार हे वाद्य या विचाराला विशेष अनुकूल आहे, कारण एकदा कारखान्यातून बाहेर पडले की पूर्ण झाले, असे ते कधीच नव्हते. वादकाच्या गरजेनुसार बदलत जाणे हा त्याच्या आयुष्याचाच भाग होता.

या वाद्याचे मूळ हवाई बेटांवरील गिटारवादनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारा बोटांनी पट्टीवर न दाबता, त्यांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवण्याची पद्धत तेथे रुजली आणि तिचे श्रेय सामान्यतः ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू याला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाई संगीताची मोठी लाट अमेरिकेत पसरली. तिचा एक ओघ भारतातही आला. ताउ मो या हवाई कलावंताचे कुटुंब काही वर्षे कलकत्त्यात राहिले, मुंबईच्या चित्रपटसंगीतात हवाईयन गिटारला स्थान मिळाले आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी ती रागसंगीतात आणली. मात्र येथे तिला पेडले जोडण्याची गरज कोणाला भासली नाही, आणि याचे कारण संगीताच्या घडणीतच आहे. रागसंगीताला एका स्वरातून दुसऱ्या स्वरात नेणारी मींड हवी असते आणि ती कांडीने उत्तम साधते. अमेरिकी कंट्री संगीताला मात्र एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह, म्हणजे कॉर्ड, वाजता वाजता बदलायला हवा होता, आणि सरळ कांडी सर्व तारांना सारखेच सरकवत असल्यामुळे समूहातील एक स्वर जागेवर ठेवून दुसरा चढवणे तिला फारसे शक्य होत नाही. ते काम पायाने दाबायच्या पेडलांकडे आले.

पेडल दाबले की वाद्याच्या पोटाखालून जाणारी सळई ओढली जाते, उजव्या टोकाला असलेल्या चेंजर नावाच्या यंत्रणेतला 'फिंगर' म्हणजे तार जिच्यावर टेकलेली असते ती वक्र पट्टी किंचित फिरते, आणि त्या एकाच तारेचा ताण ठरवलेल्या प्रमाणात बदलतो. ई-नाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दहा तारांच्या प्रचलित स्वररचनेत एक पेडल बी स्वराच्या दोन तारा सी शार्पवर चढवते, शेजारचे पेडल जी शार्पच्या दोन तारा ए वर चढवते, आणि दोन्ही एकदम दाबली की कांडी जागची न हलवता ई मेजर कॉर्डची ए मेजर होते. वेब पिअर्सच्या १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स याने तारा वाजत असतानाच पेडल दाबले. तो वळत जाणारा स्वर ऐकल्यावर ज्यांच्या वाद्यांना पेडले नव्हती अशा वादकांनी आपापल्या वाद्यांना ती जोडून घेण्याचा सपाटा लावला. पुढे गुडघ्याने ढकलायच्या लिव्हर आल्या. कोणते पेडल आणि कोणती लिव्हर कोणत्या तारेला किती चढवते वा उतरवते, याच्या प्रत्येकाच्या वैयक्तिक आराखड्याला वादक कोपेडंट म्हणतात. जिमी डे या वादकाने पहिली पेडले बडी एमन्स या वादकाच्या उलट क्रमाने लावली, आणि आजही असे वाद्य विकत घेणारा ते एमन्स क्रमाचे आहे की डे क्रमाचे, हे आधी विचारतो. म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेली दोन वाद्येसुद्धा वादनाच्या दृष्टीने दोन वेगळी वाद्ये असू शकतात.

निर्मात्यांची नावे संग्राहकांच्या तोंडी आदराने येतात. कॅलिफोर्नियातील पॉल बिग्स्बी याने मागणीनुसार मोजकीच वाद्ये घडवली. स्पीडी वेस्टचे १९४८ सालचे वाद्य त्यांतलेच, आणि अशा अनेक वाद्यांच्या दर्शनी फळीवर मालकाचे नाव जडवलेले असे. नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास शो-बड सुरू केली. लहरेदार मेपल लाकूड, त्यावरचे पारदर्शक लॅकर आणि पट्टीवर पत्त्यांतील इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांची चिन्हे ही तिची सर्वपरिचित खूण आहे. त्या भागीदारीतून बाहेर पडून एमन्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉन लॅशली याच्याबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी काढली, जिचा कारखाना नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टन येथे होता. तिची 'पुश-पुल' यंत्रणा, जिच्यात स्वर चढवताना फिंगर ओढला जातो आणि उतरवताना ढकलला जातो, अनेक वादकांना आजही तिच्या नादासाठी अतुलनीय वाटते. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ४०० आणि १००० या नमुन्यांत सळ्यांऐवजी केबल होत्या, आणि राल्फ मूनीच्या वादनाने त्यांतल्या १००० ला कीर्ती मिळवून दिली. आज जेव्हा एखादे वाद्य '१९६० च्या दशकातील, सर्व भाग मूळचे' अशा वर्णनासह विक्रीला येते, तेव्हा त्या वर्णनाला या सगळ्या नावांचे वजन चिकटलेले असते, आणि किंमतही त्या वजनाप्रमाणे ठरते.

'सर्व भाग मूळचे' हे वर्णन मात्र या वाद्याच्या स्वभावाशी फटकून आहे. १९५० च्या दशकातल्या वाद्यांना गुडघ्याच्या लिव्हर क्वचितच होत्या, आणि दशकभरात त्यांच्याशिवाय व्यावसायिक वादन अवघड झाले. तेव्हा ज्याची उपजीविका वाद्यावर होती त्याने धडाच्या तळाला भोके पाडून लिव्हर बसवल्या. पिकअपची, म्हणजे तारेचे कंपन विद्युत्‌संकेतात बदलणाऱ्या चुंबकी वेटोळ्याची, बारीक तार तुटली की ती पुन्हा गुंडाळून घेतली जाई. पाय आणि पेडलांच्या सळ्या प्रत्येक कार्यक्रमानंतर सोडवून पेटीत ठेवाव्या लागत असल्याने हरवत आणि दुसरीकडून आणल्या जात. ज्याला खरोखर कोणी हात लावलेला नाही असे वाद्य बहुधा कोणी फारसे वाजवलेले नसते. मग अस्सलपणाची कसोटी भागांच्या मूळपणावर ठेवली तर सर्वांत कमी जगलेले वाद्य सर्वांत अस्सल ठरते, आणि ज्यांनी या वाद्याचा इतिहास घडवला त्यांचीच वाद्ये दुय्यम ठरतात. ज्या कसोटीतून असे निष्पन्न होते तिचा पाया तपासायला हवा.

न्याय-वैशेषिक दर्शनात अवयवी, म्हणजे भागांनी घडलेली पण भागांहून वेगळी असलेली संपूर्ण वस्तू, ही खरी सत्ता मानली आहे. सुतांचा पुंजका म्हणजे वस्त्र नव्हे, सुतांत राहणारे वस्त्र नावाचे द्रव्य निराळे आहे. वाद्य म्हणजे तारा, सळ्या आणि फळ्या यांची नुसती बेरीज नाही, ही वादकाची रोजची जाणीव या भूमिकेत नीट बसते. पण तिच्यातून एक अडचणही उभी राहते. अवयवी हा आपल्या अवयवांच्या विशिष्ट संयोगावर अवलंबून असल्यामुळे, वस्त्रातून एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या धाग्यांचे 'खंडपट' नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते, असे या दर्शनाला काटेकोरपणे मानावे लागते. मग 'हेच ते वस्त्र' ही ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, त्या एका वस्त्राच्या टिकून राहण्यावर नव्हे तर दोन वस्त्रांच्या सजातीयतेवर टेकलेली ठरते. हा नियम येथे लावला तर नव्या लिव्हरसाठी पहिले भोक पडले त्या दिवशीच १९६५ चे वाद्य संपले, असे म्हणण्याची पाळी येते. आणि ज्याने ते दहा वर्षे वाजवून मग भोक पाडले व पुढे आणखी वीस वर्षे वाजवले, त्या वादकाला हे कोणत्याही युक्तिवादाने पटण्यासारखे नाही.

बौद्धांनी हाच प्रश्न उलट टोकाने धरला. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, याला दाखवून देतो की आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नाही आणि ती सर्व बाजूला केल्यावर उरणारा असाही कोणता रथ नाही. रथ हे त्या सर्वांच्या आश्रयाने चाललेले एक व्यवहारातले नाव आहे. लबाड विक्रेत्याला हा सिद्धांत फार सोयीचा वाटेल, कारण मूळ वाद्य नावाची वस्तूच नसेल तर ते मूळ नाही म्हणून तक्रार कशाची करायची? परंतु त्याच ग्रंथात याचे उत्तर आहे. दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरणारा माणूस म्हणतो की मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि आपण तोडलेले आंबे वेगळे, तेव्हा आपण अपराधी नाही. आणि नागसेन व राजा दोघेही त्याला अपराधीच ठरवतात, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत शेवटच्या प्रहरीच्या ज्योतीशी एकरूप नाही, पण तिच्याहून सर्वस्वी परकीही नाही, कारण मधला प्रवाह तुटलेला नाही. या अखंड कारणप्रवाहाला बौद्ध दर्शनात संतान म्हणतात. स्थायी द्रव्य नाकारले तरी संतान उरते, आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही उरते.

जुन्या वाद्याच्या अस्सलपणाचा विचार संतानाच्या आधारे केला तर बरेच गुंते सुटतात. प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाच्या फळ्या अथेन्सवासी एकेक करून बदलत गेले, आणि ते जहाज तेच की वेगळे, यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. १६५५ साली टॉमस हॉब्जने त्यात भर घातली की काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे जहाज बांधले तर खरे जहाज कोणते? पेडल स्टीलच्या बाजारात हा प्रश्न काल्पनिक नाही. एका बाजूला चेंजर, लिव्हर, पिकअप आणि स्वर लावायच्या खुंट्या बदललेले पण एका वादकाकडून दुसऱ्याकडे जात सतत वाजत राहिलेले वाद्य असते, आणि दुसऱ्या बाजूला चार मोडक्या वाद्यांतून त्या त्या काळचे अस्सल भाग निवडून अलीकडेच जुळवलेले वाद्य असते. भाग मोजले तर दुसरे अधिक 'मूळ' भरेल. तरीही पहिले अस्सल आहे आणि दुसरे, ते जुने म्हणून पुढे केले असता, अस्सल नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने खरी वस्तू ओळखण्याची खूण म्हणून अर्थक्रिया, म्हणजे काही कार्य घडवण्याचे सामर्थ्य, सांगितली आहे, आणि वाद्याची अर्थक्रिया वाजणे ही आहे. पहिल्या वाद्यातला प्रत्येक बदल वाजत राहण्यासाठी, वाजण्याच्या ओघातच झाला, म्हणून तो संतानाचा भाग बनला. दुसऱ्यात भागांचे प्रवाह आहेत, वाद्याचा प्रवाह नाही. तो जुळवणीच्या दिवशी सुरू झाला. ती जुळवणी उघडपणे वाजवण्यासाठी केली असेल तर तेही एक चांगले, पण नवे, वाद्य आहे.

हे मान्य केले की प्रमाणांचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा, प्रश्न अधिक कठीण होतो. भागांचे वय तपासणे तुलनेने सोपे असते. प्रवाह अखंड होता की नाही हे आज डोळ्यांना दिसत नाही. प्रत्यक्षाने जे मिळते ते सगळे अनुमानाचा कच्चा माल म्हणूनच मिळते. आणि अनुमानाचा जीव हेतू, म्हणजे दिसणारी खूण, आणि साध्य, म्हणजे तिच्यावरून सिद्ध करायची गोष्ट, यांच्या व्याप्तीत, म्हणजे नियत साहचर्यात, असतो.

सर्वांत विश्वसनीय वाटणाऱ्या खुणेचेच उदाहरण घ्यावे. अमेरिकेत बनलेल्या अनेक विद्युत् वाद्यांतील पॉटवर, म्हणजे आवाज वा टोन कमीजास्त करणाऱ्या फिरत्या रोधकावर, निर्माता आणि काळ सांगणारा अंकसंकेत छापलेला असतो: १३७६६४२ या अंकांत १३७ हा सीटीएस कंपनीचा क्रमांक, ६६ हे वर्ष आणि ४२ हा त्या वर्षातला आठवडा. एखाद्या फेंडरमध्ये असा पॉट सापडला तर त्यावरून वाद्य १९६६ चे ठरते काय? ठरत नाही. पॉट मूळचाच आहे असे गृहीत धरले तरी त्यावरून वाद्य त्या आठवड्याच्या आधी पूर्ण झाले नव्हते एवढेच कळते, कारण भाग कारखान्यात महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. आणि पॉट नंतर बसवलेला असेल तर एवढेही कळत नाही. न्यायशास्त्रात अशा ठिकाणी उपाधी शोधतात, म्हणजे जिच्यामुळे हेतू आणि साध्य एकत्र दिसतात पण जी खुद्द हेतूबरोबर नेहमी असतेच असे नाही, अशी लपलेली अट. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान ओल्या लाकडाच्या उपाधीमुळे कोसळते; तसेच जुना पॉट म्हणून जुने वाद्य, हे विधान 'कारखान्यातला डाग न उकलता राहिलेला असेल तर' या उपाधीवर उभे असते. म्हणून जाणकार आधी अंक वाचत नाही, आधी डाग पाहतो: तारा जोडलेला कथिलाचा थेंब जुन्यासारखा निस्तेज आहे की मागाहून कोणी तो वितळवून पुन्हा लावला आहे.

झिजेवरून केलेले अनुमान याहून सूक्ष्म असते. साध्या गिटारीची पट्टी वादकाच्या बोटांनी झिजते, आणि नवे वाद्य जुने भासवणारा माणूस सवयीने पट्टीवर चट्टे पाडतो; पण स्टील गिटारमध्ये तार पट्टीला टेकतच नाही, तेथील रेषा केवळ कांडी कोठे धरायची हे डोळ्याला सांगण्यासाठी काढलेल्या असतात. पट्टी बोटांनी झिजल्यासारखी दिसत असेल तर ती खूण जुनेपणाची न ठरता संशयाचे कारण ठरते. खरी झीज इतरत्र असते: चेंजरच्या फिंगरवर तार जेथे टेकते तेथे पडलेल्या बारीक चऱ्यांत, उजव्या मनगटाखालच्या फिक्या झालेल्या लॅकरात आणि पेडलांवर, त्यातही पहिल्या दोन-तीन पेडलांवर अधिक, कारण वादकाचा पाय तेथेच असतो. सर्व पेडले सारखीच झिजलेली असणे अस्वाभाविक आहे. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळे चमकते आणि नंतर मारलेला थर बहुधा वेगळा दिसतो, परंतु त्यावरून केवळ पुन्हा रंगकाम झाले एवढे कळते, ते का झाले हे कळत नाही. एखाद्या वादकाने आपल्या वाद्याचे जतन म्हणूनही ते केले असू शकते. एकेकटी खूण डळमळीत असते. अनेक स्वतंत्र खुणा एकाच प्रवाहाकडे बोट दाखवू लागल्या की निश्चय वाढतो, कारण बनाव करणाऱ्याला त्या सर्वांची एकमेकींशी संगती राखणे जड जाते.

येथेच अनुपलब्धीचा, म्हणजे न दिसण्याचा, विचार येतो. 'जास्तीची भोके नाहीत' असे विक्रेता म्हणतो आणि पुराव्यादाखल वाद्याच्या वरच्या बाजूची छायाचित्रे दाखवतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानले खरे, पण ते योग्यानुपलब्धीला: वस्तू असती तर जेथे आणि ज्या परिस्थितीत ती दिसलीच असती, तेथे ती न दिसणे हेच तिच्या अभावाचे ज्ञान देते. लिव्हरची भोके धडाच्या तळाला असतात, तेव्हा वरून ती न दिसण्याला काहीच अर्थ नाही. वाद्य उलटे करून, यंत्रणेवरचा प्रकाश नीट ठेवून, सळ्यांच्या मागची लाकडाची बाजू दिसेपर्यंत पाहिल्यावर भोके दिसली नाहीत तर मात्र त्या न दिसण्याला वजन येते. जुन्या वस्तूंच्या व्यवहारातली बरीच फसवणूक खोट्या विधानांनी होत नसून अयोग्य अनुपलब्धी पुढे करून होते, आणि मीमांसकांचा हा भेद त्या व्यवहारात जेवढा उपयोगी पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कोठे पडत असेल.

तरीही अखंड प्रवाहाचे ज्ञान शेवटी शब्दप्रमाणावाचून, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावाचून, पुरे होत नाही. वाद्य कोणाकडे होते, लिव्हर केव्हा लावली, पिकअप कोणी गुंडाळले, हे लाकूड अर्धेच सांगते. न्यायदर्शनात विश्वासार्ह वक्त्याला आप्त म्हणतात, आणि वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही वात्स्यायन स्पष्ट करतो. प्रतिष्ठित दुकानाचे नाव, विक्रेत्याची कीर्ती किंवा वादकाची ख्याती यांनी आप्तत्व येत नाही. ते ज्ञानाने आणि सांगण्याच्या इच्छेने येते. मीमांसक कुमारिलाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, म्हणजे ते खरे मानायला वेगळा पुरावा लागत नाही, मात्र पुढे त्याला छेद देणारे ज्ञान झाले किंवा ज्या साधनाने ते झाले त्या साधनातच दोष असल्याचे कळले तर त्याचे प्रामाण्य जाते. विक्रेत्याचा नफा हा असा साधनदोष आहे काय? केवळ नफ्यामुळे प्रत्येक विक्रेता अविश्वसनीय मानला तर व्यवहारच थांबेल. पण स्वतःच्या तोट्याची गोष्ट जो आपण होऊन सांगतो, उदाहरणार्थ दुसरी लिव्हर मागाहून लावली आहे आणि चौथ्या पेडलाची सळई दुसऱ्या वाद्याची आहे, त्याच्या उरलेल्या विधानांना अधिक वजन देणे युक्त आहे.

एक आक्षेप याहून मुळाशी जातो. नाद सारखा असेल तर प्रवाहाची चौकशी कशाला? व्हायोलिनच्या बाबतीत हा आक्षेप प्रयोगाने धारदार केला आहे: २०१० साली इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ कसलेल्या वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून नवी व्हायोलिने आणि स्ट्रॅडिव्हेरी व ग्वार्नेरी यांची जुनी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा बहुतेकांना जुने कोणते हे ओळखता आले नाही आणि अनेकांची पसंती नव्याला गेली. नादासाठीच किंमत मोजणाऱ्याने या निष्कर्षाकडे डोळेझाक करू नये. पण त्यातून अस्सलपणाचा प्रश्न मावळत नाही. हान व्हान मेगेरेन याने व्हर्मीरचे म्हणून रंगवलेले चित्र १९३७ साली जाणकार ब्रेडियसने अस्सल ठरवले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने घेतले. १९४५ साली व्हान मेगेरेनला अटक झाली आणि त्याने स्वतःच ते आपले असल्याचे कबूल केले. चित्राचा एक ठिपकाही त्या कबुलीने बदलला नाही, आणि तरी त्याविषयीचे सर्व काही बदलले, कारण चित्र पाहणारा त्यात रंगांबरोबर एका माणसाने एका काळी केलेली कृतीही पाहत होता, आणि ती कृती झालीच नव्हती. तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने १९६८ साली मांडले की आज डोळ्याला न दिसणारा फरकही महत्त्वाचा असतो, कारण तो आहे हे कळल्यावर पुढे काय शोधायचे आणि डोळा कसा घडवायचा हे बदलते. कानाचेही तसेच आहे. बर्लिंग्टनच्या कारखान्यात बडी एमन्सच्या नावाने घडलेल्या वाद्यावर कोणी हात ठेवतो तेव्हा तो एका विचारपरंपरेला हात लावतो, आणि त्याला ते हवे असेल तर त्याच्या त्या इच्छेला भोळेपणा म्हणण्याचे कारण नाही.

वस्तू आणि तिच्या उगमाचा दावा यांतला हा भेद धर्माच्या क्षेत्रात फार पूर्वी ओळखला गेला होता. १५४३ साली कॅल्व्हिनने पवित्र अवशेषांवर लिहिताना एकाच संताचे मस्तक अनेक ठिकाणी असल्याचे दाखवून त्या श्रद्धेवर कोरडे ओढले. त्याच्या टीकेचा रोख असा की अवशेषाचे मूल्य त्याच्या उगमाच्या दाव्यावर उभे असते, आणि दावा खोटा असेल तर भक्तीही खोट्यावर उभी राहते. पुरीच्या जगन्नाथाची परंपरा मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते. तेथे नवकलेवर या विधीत लाकडी मूर्तीच बदलल्या जातात, १९९६ आणि २०१५ साली त्या बदलल्या गेल्या, आणि ब्रह्मपदार्थ म्हणून ओळखला जाणारा गूढ भाग जुन्यातून नव्यात नेला जातो. देव तोच राहतो, कारण मूर्ती बदलणे उघड आहे आणि संक्रमणाचा विधी नियमबद्ध व परंपरेने मान्य केलेला आहे. लाकूड संपूर्ण नवे असूनही कोणाला फसवले जात नाही, आणि जेथे फसवणूक नाही तेथे बदलाने एकत्व मोडत नाही. पेडल स्टीललाही असे एक धार्मिक घर आहे: १९०३ साली मेरी मॅग्डालेना टेट यांनी स्थापन केलेल्या पेंटेकोस्टल संप्रदायातून आलेल्या 'हाउस ऑफ गॉड' या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील गिटार उपासनेत वाजते, विली ईसनपासून चक कॅम्बेलपर्यंत तिची स्वतःची वादनपरंपरा आहे, आणि तेथे वाद्याचा मान त्याच्या वयाने ठरत नसून उपासनेत ते काय घडवते यावर ठरतो.

म्हणून 'अस्सल' हे विशेषण वाद्याला लावले जात असले तरी ते विधानाचे विशेषण म्हणून समजून घेणे अधिक बरोबर आहे. फेंडरने १९९० च्या दशकात मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या नव्या गिटारी उघडपणे विकायला सुरुवात केली, आणि त्यांत कोणी फसले नाही. तोच झिजलेला रंग मौन पाळून १९६० च्या दशकातला म्हणून विकला तर तो अपराध आहे, आणि लाकडात दोन्ही वेळा तसूभर फरक नसतो. एका प्रकरणात मात्र हे उत्तरही अपुरे पडते. आगीत वा पुरात खराब झालेल्या एखाद्या प्रसिद्ध वादकाच्या वाद्याचे भाग तीन जणांनी वाटून घेतले, एकाने धड, दुसऱ्याने चेंजर, तिसऱ्याने पिकअप, आणि प्रत्येकाने आपापल्या भागाभोवती पूर्ण वाद्य उभारले, आणि तिघांनी हे सगळे प्रामाणिकपणे सांगितले, तर ते वाद्य आता कोठे आहे? हॉब्जच्या जहाजापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, कारण येथे कोणीच खोटे बोलत नाही. संतानाच्या कसोटीने पाहिले तर वाजण्याचा प्रवाह आगीच्या दिवशी थांबला आणि नंतर तीन नवे प्रवाह सुरू झाले. त्यांतल्या कोणालाही जुन्या वाद्याचे नाव घेता येणार नाही, धडाला दर्शनी नाव जडवलेले असले तरीही. त्या धडाच्या मालकाला हे मान्य होणे कठीण जाईल, आणि त्याचे दुःख खरे आहे, पण त्याच्याजवळ आहे ते त्या वाद्याचे धड आहे, ते वाद्य नाही.